कोरी चकती

आकडा उणे आला तेव्हा मामांना आधी हसूच आलं. यंत्रावर बसणाऱ्या त्या माणसाला प्रयोगशाळेत लहानथोर सगळे मामाच म्हणत. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि आता कशालाही दचकायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून ते तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "पोरी, तुझं घर भलतंच पुण्यवान निघालं. बाकी नऊ घरांत थोडंफार काहीतरी सापडलं. तुझ्या लेकीच्या खोलीत शून्याच्याही खाली. उणे सत्तावीस." तीही हसली, म्हणजे हसल्यासारखं तोंड केलं. उणे म्हणजे काय, नसलेल्याहूनही कमी असं हवेत काय असू शकतं, असलं काहीबाही मनात येतं न येतं तोच तिने पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. कारण उणे कसं येतं हे तिला मामांइतकंच ठाऊक होतं. खोलीतल्या चकतीवर जे दिसतं त्यातून कोऱ्या चकतीवरचं वजा करायचं, एवढीच तर रीत. खोली स्वच्छ असेल तर शून्य येईल. उणे यायला कोरी चकतीच खोलीपेक्षा मळलेली असावी लागते. आणि ती कोरी चकती सात दिवस कुठे होती हे जगात फक्त तिला माहीत होतं.

काम साधं होतं, निदान सांगायला. दहा घरांतल्या दहा खोल्यांची हवा मोजायची. उंच डब्यासारखं यंत्र खोलीत ठेवायचं, ते आठवडाभर हवा ओढत राहतं. आत एकाखाली एक चकत्यांची उतरंड. वरच्या चकतीवर मोठं पडतं, धूळ, कपड्यांची लव, परागकण. तिच्याखाली बारीक, त्याखाली त्याहून बारीक, आणि सगळ्यांत शेवटी तळाच्या चकतीवर ते येतात जे कुणालाच अडवता आले नाहीत. एका केसाच्या जाडीत दोनशे मावतील असे. नाकातल्या केसांना चुकवणारे, घशाच्या ओलीला न चिकटणारे, सरळ छातीच्या तळाशी जाऊन बसणारे. मग प्रत्येक चकती द्रावणात बुडवायची, तिच्यावरचं सगळं धुऊन काढायचं आणि मामांच्या यंत्रात सोडायचं. यंत्र त्यातला एकेक पदार्थ सुटा करून ज्याच्या त्याच्या मिनिटाला बाहेर काढतं. सहा वर्षं हेच करून तिला त्या मिनिटांची तोंडओळख झाली होती. तळणाची तेलं उशिरा येतात, रेंगाळत. झाडांच्या पानांवरचं मेण कंगव्याच्या दातांसारखं एकसारखं उमटतं. जळलेल्या लाकडाची एक साखर असते, ती एकटीच ताठ उभी राहते. लोक म्हणतात हवा, जणू ती एकच काहीतरी गोष्ट आहे. तिला हवा म्हणजे लग्नाच्या हॉलबाहेरच्या चपलांसारखी वाटायची; कोण कोण येऊन गेलं ते सगळं तिथे पडलेलं, फक्त जोड लावायचे. आणि या सगळ्यासोबत एक कोरी चकती. तीही त्याच घरी जायची, यंत्राशेजारी आठवडाभर बसायची, तशीच परत यायची. तिच्यातून हवा ओढायची नाही. ती साक्षीदार. वाटेत, हाताळताना, नकळत जे काही चिकटतं ते तिलाही चिकटतं, म्हणून ते वजा करायचं.

दहावं घर मिळत नव्हतं तेव्हा तिने स्वतःचं देऊ केलं. सर्वांना वाटलं, काय कामसू पोरगी. खरं कारण ठकूची छाती. ठकू चौदा महिन्यांची, आणि गेल्या थंडीपासून तिच्या श्वासात एक बारीक शीळ होती. सगळ्यांना ऐकू यायची नाही. नवरा म्हणायचा, अगं तुझे कान वाजतात. पण ती रोज त्या इवल्या पाठीला कान लावायची आणि श्वास सोडताना, अगदी शेवटी, दाराच्या फटीतून वारा यावा तशी ती शीळ यायची. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच खेपेला विचारलं होतं, घरात कोणी सिगारेट ओढतं का. आणि ती जवळजवळ दुखावूनच म्हणाली होती, कोणीच नाही. आमच्या घरात कोणीच नाही. मग तिने मोठ्या रस्त्याकडच्या खिडक्या बंद केल्या. खालच्या मजल्यावरची बाई डासांची कॉइल लावते म्हणून तिच्याशी गोड बोलून भांडली. पडदे काढले, गालिचा देऊन टाकला, ठकूची सगळी मऊ खेळणी गरम पाण्यात उकळली, त्यात एका सशाचा कान गेला. शत्रू बाहेरूनच येणार होता, आणि ती दारात दबा धरून बसली होती.

यंत्र आणलं त्या दिवशी कोऱ्या चकतीच्या डबीला दोन टोकांना दोन टोपणं होती, करंगळीच्या नखाएवढी. अशी डबी बाकीच्या नऊ घरांत टेबलावर नाहीतर फळीवर टोपणांसकट सुखाने पडून राहिली होती. हिच्या घरात मात्र ठकू होती, आणि ठकूला त्या दिवसांत जगातली प्रत्येक वस्तू तोंडात घालून तपासायची होती. हिने सामान उघडेपर्यंत एक टोपण तिच्या गालात गेलेलंही होतं. बोट घालून ते काढलं, आणि मग जे कोणतीही आई करेल आणि कोणतीही प्रयोगशाळेतली बाई करणार नाही ते तिने केलं: दोन्ही टोपणं पर्समध्ये टाकली, चेन लावली, आणि उघड्या तोंडाची ती डबी ठकूच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवली. खोलीतलं लाकडी कपाट. वरचा कप्पा. दार घट्ट बसायचं. परत देताना टोपणं लावली, आणि विसरून गेली.

"अकराव्या मिनिटाला बघ," मामा म्हणाले. पडद्यावर अकराव्या मिनिटाला एक टोकदार सुळका उभा होता. खोलीच्या तळाच्या चकतीत एकतीस, कोऱ्या चकतीत अठ्ठावन्न. अकरावं मिनिट कोणाचं हे सांगायची गरज नव्हती, ते तंबाखूचं. निकोटिनचं. "जावईबापू ओढतात का चोरून?" मामांनी सहज विचारलं, स्वतः दिवसाला चार ओढणाऱ्याच्या मोकळेपणाने. नाही, ती म्हणाली. मग डबी कुठे ठेवली होतीस? आणि ती म्हणाली, यंत्राशेजारीच, टेबलावर. इतक्या सहज की तिचं तिलाच नवल वाटलं. सहा वर्षांत तिने वहीत एक आकडा खोटा लिहिला नव्हता, एक तास इकडचा तिकडे केला नव्हता. मामांनी मान हलवली. त्यांनी विभागाच्या बाईंना फोन लावला, बाईंनी वरूनच निकाल दिला: कोरी चकती वाटेत खराब झाली असं धरा, ती बाद करा, आणि बाकीच्या नऊ घरांच्या कोऱ्यांची सरासरी वजा करा. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. म्हणजे ठकूच्या खोलीत एकतीस. मामांनी नवा आकडा टाकला, आणि मग त्यांचं हसू थोडं मागे गेलं. "एकतीस जरा आहे गं," ते म्हणाले. "जिथे रोज ओढतात अशा त्या चौथ्या घरातही चाळीसच होतं." ती म्हणाली, हो ना. आणि हातमोजे काढायला लागली. ते निघेनात, घामाने चिकटले होते.

मामांना न सांगितलेली ती जागा म्हणजे ते कपाट, आणि कपाटात बाबा होते. म्हणजे बाबांचा स्वेटर. तपकिरी, समोर बटणांचा, कोपरांना चामड्याचे तुकडे लावलेला. ठकू जन्मायच्या तीन महिने आधी बाबा त्याच खोलीत गेले, आणि नंतरच्या आवराआवरीत बाकी सगळं वाटून, देऊन, फेकून झालं तरी हा एवढा स्वेटर ती कोणाच्या हाती लागू देईना. बाबा टेलिफोनच्या तारा जोडायचे. खांबावर चढायचे, वर कमरपट्ट्याने बांधून घेऊन दोन्ही हात मोकळे करायचे आणि पहिलं काम म्हणजे एक शिलगवायचे. घरी उरलीसुरली कसर भरून काढायचे. ती लहान असताना त्यांच्या मांडीवर बसायला जायची तेव्हा ते तोंडाचा कोपरा वाकडा करून धूर डावीकडे सोडायचे, वर हाताने त्याला हाकलायचे, जणू अंगणात शिरलेली कोंबडी, आणि म्हणायचे, धूर तिकडे चाललाय, तू इकडे बस. तिने पुढे पदवी घेतली, हवेचंच शिक्षण घेतलं, आणि एकदा जेवताना त्यांना समजावून सांगितलं की बाबा, खोलीला इकडे आणि तिकडे नसतं. ते पाणी प्यायले. मग म्हणाले, माझ्यापुरतं आहे. शेवटच्या वर्षी नाकात नळी आली, ओढणं बंद झालं, आणि तरीही स्वेटरला तोच वास यायचा. त्या वासाला कळलंच नव्हतं की आता थांबायचंय. ते गेले तेव्हा ती वजनाच्या खोलीत होती. त्या खोलीत फोन नेत नाहीत. श्वास जोरात सोडला तरी काटा हलतो. तिने अठरा चकत्यांचं वजन केलं, एकेकीचं तीन तीनदा, बाहेर येऊन फोन चालू केला तेव्हा नवऱ्याचे सात फोन येऊन गेले होते.

आणि मग ठकू आली, आणि रडू लागली. सगळी मुलं रडतात, पण हिला संध्याकाळी एक तास असा काही कढ यायचा की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प व्हायची. एका संध्याकाळी, दीड महिन्याची असेल, तिला खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालता घालता ही स्वतःच रडकुंडीला आली आणि काही न सुचून कपाट उघडलं, स्वेटरमध्ये तोंड खुपसलं. खांद्यावर ठकू होतीच, तिचंही तोंड आपसूक लोकरीत गेलं. रडणं थांबलं. नळ बंद करावा तसं. तेव्हापासून रोज. चला, आजोबांना भेटायचं. ही म्हणायची, नवरा म्हणायचा, पाळणाघरातून आल्या आल्या ठकू स्वतः हात पसरून कपाटाकडे झेपावायची. दार उघडायचं, लेकीचं नाक लोकरीत, आईचं नाक लोकरीत, पाच मिनिटं, कधी दहा. ठकूला बोलता आलेला पहिला शब्दही आई नव्हता. आबा होता. त्याचं हिला कोण कौतुक. न पाहिलेला आजोबा पोरीने नाकाने ओळखला म्हणून ही फोनवर सगळ्या मावश्यांना सांगत सुटली होती.

बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. दुपारचं ऊन तिरपं येत होतं आणि त्यात धूळ तरंगताना दिसत होती. दिसते ती कधीच धोक्याची नसते, नव्या मुलांना ती शिकवायची, जी दिसते ती मोठी, ती वरच्याच चकतीवर अडते. मग तिला आठवलं की तिने नव्या मुलांना आणखीही एक शिकवलं होतं. धूर विझला की संपत नाही. तो भिंतीत, लाकडात, लोकरीत जाऊन झोपतो, महिनोन् महिने, आणि दिवसेंदिवस वाफ होऊन थोडा थोडा परत येतो. खिडकीतून बाहेरची हवा आली, तिच्यातला ओझोन त्या वाफेला भेटला, की त्यातून पुन्हा कण जन्मतात, अगदी नवे कोरे, जे कधी कोणत्याच सिगारेटमध्ये नव्हते, मूळ धुराहूनही बारीक. हे वाक्य तिने स्वतः फळ्यावर लिहिलं होतं. खाली दुहेरी रेघ ओढली होती. ते लिहिणारा हात आणि संध्याकाळी कपाटाचं दार उघडणारा हात एकच होता, आणि मधल्या वर्षभरात या हाताने त्या हाताला एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. माहीत नव्हतं असं म्हणता येईना. माहीत होतं. डॉक्टरीणबाईंसमोर, कोणीच नाही, असं म्हणताना आवाज इतका का चढला होता? मोठं माणूस मिनिटाला पंधरा श्वास घेतं, ठकू तीस घेते. दहा मिनिटांचे तीनशे. रोजचे तीनशे, लोकरीला नाक लावून, तीनशे पासष्ट... पुढचा गुणाकार तिने केला नाही, पण तो आपोआप होत राहिला, पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मानेवर, दुकानांच्या पाट्यांवर. आता प्रत्येक श्वास घेताना तिला छाती जाणवत होती, कोणीतरी आत बसलंय आणि कोपराने थोडी जागा करून घेतंय असं. इकडे बस, तिकडे चाललाय. तिने उतरायचा स्टॉप चुकवला.

घरी पोचली तेव्हा नवरा आधीच ठकूला घेऊन आला होता. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, त्याच्या बोटांना कायम कसला ना कसला रंग. बाप-लेक खोलीतच होते. कपाट उघडं होतं, ठकू त्याच्या कडेवरून पुढे वाकली होती आणि तोंड लोकरीत पूर्ण बुडालेलं, मागून फक्त मानेवरची लव दिसत होती. ती दारातच थांबली. आता या क्षणी एकतीस, असं तिच्या मनात आलं. नाही, दाराच्या आत अठ्ठावन्न. तिने जाऊन ठकूला ओढूनच घेतलं, चप्पलसुद्धा न काढता. ठकू आधी चकित झाली, मग तिने सूर लावला. नवरा म्हणाला, अगं, झालं काय. तिने पाठ फिरवून सांगितलं, सगळं एका दमात, एकतीस, अठ्ठावन्न, डबी, टोपणं, मामांना मारलेली थाप. तो कपाटाच्या दाराला टेकून ऐकत राहिला. मग तिने त्याला विचारलं, तुला कधी वास आला का या खोलीत, आपण जवळ नसतो तेव्हासुद्धा?

"येतो की," तो म्हणाला. "रोज येतो. दार उघडलं की जिन्यापासून येतो."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने अंगठ्यावरचा निळा रंग नखाने खरवडला. "तुला तेवढेच उरले होते," तो म्हणाला. "तुझ्याकडून तेही काढून घ्यायला मला सांगू नकोस. ते तुझं तूच कर."

तिला त्याचा राग आला. मग राग कोणाचा आहे ते कळेना. ठकू खांद्यावर रडत होती आणि रडण्याच्या मध्ये, दम घेताना, ती शीळ. आज तर कान न लावताच ऐकू येत होती. नवऱ्यालाही आली असावी, कारण तो हलला आणि खिडकी उघडायला गेला. ती म्हणाली, उघडू नकोस, बाहेरचं आत आलं की आणखी होतं. त्याने खिडकीच्या कडीवर हात तसाच ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तिला स्वतःचं घर दिसलं, सगळ्या बाजूंनी बंद केलेलं, आत जे होतं ते आतच राहावं म्हणून. उघड, ती म्हणाली. सगळ्या उघड.

त्या रात्री ठकू मोठ्यांच्या खोलीत झोपली आणि सकाळी, रविवार होता, तिने स्वेटर धुवायला घेतला. घेतला म्हणजे आधी तासभर घेतला नाही. दुसरे मार्ग होते. हवाबंद पिशवीत घालून माळ्यावर टाकता आला असता; ती विद्या तिच्याइतकी कोणाला येत होती? फॉइलमध्ये गुंडाळून शून्याखाली वीस अंशांवर ठेवला तर तो वास दहा वर्षंही हलला नसता. बाबा दहा वर्षं. ठकू शाळेत जाईल, तिला कळायला लागेल, आणि तरी मधूनमधून जाऊन आपण ती फॉइल उघडू, तिला माहीत होतं, उघडूच. जाळायचा तर विचारच नको. तिने बादलीत कोमट पाणी घेतलं, साबण घातला, आणि तो तपकिरी लोकरीचा ढीग दोन्ही हातांनी खाली दाबला. तो तरंगत वर आला, बाह्यांमध्ये हवा भरून. पुन्हा दाबला. पहिलं पाणी चहासारखं निघालं. दुसरं पिवळं. तिसऱ्या पाण्यापर्यंत तिच्या लक्षात आलं की ती रोजच्यासारखंच करते आहे: जे धरून ठेवलंय ते द्रावणात उतरवायचं, वर्तुळाकार हलवायचं, घाई करायची नाही. फक्त इथे खाली बाटली धरली नव्हती. पाणी मोरीत गेलं, जाळीशी थोडं घुटमळलं आणि गुळगुळ आवाज करत उतरलं, आणि तो आवाज बाबांच्या शेवटच्या महिन्यातल्या घशाच्या आवाजासारखा होता, इतका की ती उठून उभी राहिली. पुढची पाणी उभ्यानेच, वाकून केली. पाच. सहाव्याला पाणी पाण्यासारखं आलं.

दुपारी स्वेटर वाळला. ठकूसमोर तिने तो धरला तेव्हा ती आनंदाने पुढे झाली, नाक खुपसलं, आणि लगेच मागे झाली. पुन्हा एकदा पाहिलं. एक बटण तोंडात घालून बघितलं. मग दोन्ही हातांनी त्याला ढकललं, ओळख नसलेल्या पाहुण्याला ढकलतात तसं, आणि आईच्या तोंडाकडे बघितलं. आबा, ती म्हणाली. ही म्हणाली, हे बघ ना, हेच. नाही. ठकू वळली आणि रांगत खोलीकडे निघाली, कारण ज्याला शोधायचं तो कुठे राहतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

खोलीत नवरा पाने आणि स्क्रूड्रायव्हर पसरून बसला होता. कपाट काढायचं ठरलं होतं. कोणाला द्यायचं नाही असं तिने बजावलं होतं, दुसऱ्याच्या घरात जाऊ द्यायचं नाही, फळी फळी सुटी करून टाकायची. कप्पे निघाले होते, दारं अजून बिजागऱ्यांवर उघडी लटकत होती, आतून रिकामं. ठकू उंबरा ओलांडावा तशी खालची पट्टी ओलांडून आत गेली, मागच्या फळीपाशी पोचली आणि तिथे, जिथे वर्षभर स्वेटर टेकून राहिला होता त्याच्या खाली, कच्च्या लाकडाला तिने नाक लावलं. आणि थांबली. खांदे सैल झाले. सगळी धावपळ संपल्यासारखी ती बसली. आबा, ती म्हणाली, या खेपेला विचारल्यासारखं नाही, सापडल्यासारखं.

ही गुडघ्यांवर आली आणि अर्धी आत शिरली. लेकीच्या डोक्याशेजारी तिने आपलं नाक फळीला लावलं आणि खोल श्वास घेतला, सहा वर्षांची सगळी हुशारी पणाला लावून. लाकूड. साबण, तो तिच्या हातांचा. ठकूच्या केसांतलं तेल. तिने पुन्हा घेतला, आणखी खोल. काही नाही. तिथे होते ते, एकतीस असोत की तेरा, ठकूच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या, तिच्यासाठी ते तिथे होते. हिच्यासाठी नव्हते. सकाळी तिनेच सहा पाणी घातली होती, की वर्षभर रोज घेऊन घेऊन तिचंच नाक कधीचं मेलं होतं आणि ती नुसत्या लोकरीला बाबा म्हणत होती? तिला एकदम लेकीचा हेवा वाटला, तोंडात कडू आलं एवढा. आणि हेवा वाटत असतानाच तिला आपोआप ऐकू येत होतं, त्या लाकडी पेटीत कानापाशी, श्वास आत जातो, बाहेर येतो, आणि येताना शेवटी ती फटीतली शीळ. तिने मोजले. दहापर्यंत बसू दे, असं मनाशी म्हणाली. दहा झाले. अजून दहा. बाहेर नवरा हातातला स्क्रूड्रायव्हर जमिनीवर न वाजवता धरून होता. एकविसाव्याला तिने लेकीच्या काखेत हात घातले.

ठकूने धनुष्यासारखी पाठ मागे टाकली. कपाटाच्या कडेला दोन्ही मुठी धरल्या. एकेक बोट सोडवावं लागलं. ओढून बाहेर काढल्यावर ती जी रडली ती नेहमीच्या संध्याकाळच्या कढासारखी नव्हती, हाका मारल्यासारखी रडली, त्या उघड्या रिकाम्या लाकडाकडे हात करून, आबा, आबा. हिने दाखवायला स्वेटर उचलला आणि खाली ठेवला. चिमणी बघ, गाडी बघ, असलं काही बोलायला तोंड उघडलं आणि तेही जमेना. या घरात आजपर्यंत लेकीला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, आजोबा आहेत, चल भेटू. तिने ठकूचं तोंड आपल्या तोंडासमोर आणलं.

"ठकू," ती म्हणाली, "आजोबा नाहीत. आजोबा गेले."

तो शब्द चौदा महिन्यांच्या मुलीला काय कळणार. पण ठकूने आईच्या ओठांकडे बघितलं, काही नवीन आवाज आला की बघायची तसं, टक लावून, गाल ओले. म्हणून तिने पुन्हा म्हटलं. आजोबा गेले. तिसऱ्यांदा म्हणताना ते लेकीला सांगितलेलं राहिलं नाही, तिचं तिलाच ऐकू गेलं, बाबा गेले असं, आणि मग तिला ते थांबवता आलं नाही. मागे नवऱ्याने पहिल्या बिजागरीला हात घातला. जुना स्क्रू, गंजलेला, तो किरकिरत फिरू लागला. उघड्या खिडकीतून रस्ता आत येत होता, हॉर्न, धूळ, सगळं. त्या दोघी जमिनीवर बसून रडत राहिल्या. दम घ्यायला ठकू थांबली की तीही थांबायची, आणि मग दोघी पुन्हा सुरू करायच्या.